व्हायरस सांग आणि ये

"बघा, थांबला," अस्मिता म्हणाली आणि तिनं माउसवरचा हात उचलला.

पडद्यावरचा बाण मधेच उभा होता. मी माउस फिरवून बघितला, कीबोर्डवरची ती तीन बटणं एकदम दाबली, परत दाबली. डबा ढिम्म. आतला पंखा तेवढा घरघरत होता. तीन महिन्यांपूर्वी मीच हा कॉम्प्युटर सायकलच्या कॅरिअरला बांधून ह्या घरात आणून दिला होता, आणि त्या दिवशी काकींनी त्याला हळदकुंकू लावून माझ्या हातावर पेढा ठेवला होता.

"किती वेळ चालतो?" मी विचारलं.

"सकाळी अर्धा तास, पाऊण तास. दुपारी दहा मिनिटंसुद्धा नाही." तिनं एक वही माझ्यापुढं सरकवली. "मी लिहून ठेवलंय."

मी वही उघडली आणि थक्क झालो. तारीख, वेळ, काय चालू होतं, किती मिनिटांनी थांबला. सत्तावीस नोंदी! सगळ्यात शेवटी एक रकाना, फोनची वायर लावलेली होती की काढलेली. सहा वर्षं मी ह्या धंद्यात होतो, पण असलं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. आमची गिऱ्हाइकं म्हणजे, "चालंना झालाय, बघा की जरा." कधीपासून विचारलं तर म्हणणार, "झालं असतील दोनचार दिस."

"फोनची वायर कशाला लिहिली?"

"इंटरनेटमुळं होतंय का ते बघायला. वायर काढून ठेवली तरी थांबतो. उन्हाच्या वेळी जास्त थांबतो." ती जरा दबकत म्हणाली, "मला वाटतं दादा, आत काहीतरी तापतंय."

अठरा वर्षांची पोर. बारावी नुकतीच झालेली. मला हसू आलं आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. आपल्या धंद्यातलं गिऱ्हाइकानं सांगितलेलं कुणाला आवडतं?

"मिस्त्री, त्या वहीचं ऱ्हाऊ द्या," मागून आवाज आला. "तुमी काय सांगताय ते सांगा."

हणमंत आण्णा कॉटवर मांडी घालून बसले होते. हे अस्मिताचे वडील. विट्याकडची निम्मी माणसं सोन्याचांदीच्या आटणीच्या धंद्यात मुलूखभर पांगलेली, गलाईवाले म्हणतात त्यांना. आण्णांचं दुकान तिकडं सेलमला. वर्षातून महिनाभर गावी यायचे, आणि घरातल्या वर्षभराच्या साऱ्या गोष्टी त्या एका महिन्यात ठरायच्या. जमीन, सोयरीक, भांडणं, सगळं.

ह्या वर्षी ठरायचं होतं अस्मिताचं. तिला मार्क चांगले पडले होते. सांगलीला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरला नंबर लागत होता, आणि गुरुवारी तिथं जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. जायला जमलं नाही तर जागा पुढच्याला. आज सोमवार होता. आण्णांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

"पोरीला चार वर्षं परगावी ठेवायची," ते मला म्हणाले, "तर ती ह्या डब्यावर नेमकं काय करतीया ते मला कळाय पायजे. मी हितं असत न्हाय. घरात बाईमाणूस. तीन महिन्यांत नवीकोरी वस्तू बिघडती कशी? वस्तूत खोट हाय, का हाताळणाऱ्यात? तेवढं तुमी सांगा, मग मी गुरुवारचं काय ते ठरवतो."

"अहो, ती अभ्यासच करत असती," काकी सैपाकघराच्या दारातून म्हणाल्या. शालन काकी. आवाज इतका बारीक की स्वतःशीच बोलल्यागत.

"तुला काय कळतंय त्यातलं? मिस्त्री सांगतील."

मी डबा खोलायला घेतला. आधी टेस्टर लावून प्लग बघितला, अर्थिंग बरोबर होतं. आतली धूळ फुंकली. रॅम काढून तिच्या पिवळ्या कडा खोडरबरानं घासल्या. निम्मे डबे तेवढ्यानंच बरे होतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काय मोठी विद्या आहे. रॅम बसवली, चालू केला. नऊ मिनिटांत बाण परत उभा. मग मी मान वाकडी करून आतल्या बोर्डाकडं नीट बघितलं.

बोर्ड ओळखीचा निघाला.

एका बंद पडलेल्या कॅफेतले जुने डबे आमच्या शेठनं हिवाळ्यात उचलून आणले होते. त्यातले बोर्ड मी स्वतः पेट्रोल आणि ब्रश घेऊन धुतले होते, आणि कुठला कुठला ते कळावं म्हणून कोपऱ्यात ब्लेडनं बारीक आकडे कोरले होते. ह्याच्यावर चार होता. माझ्या हातचा चार. धुतलेले बोर्ड कुठं गेले ते मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. नोकरीत काही गोष्टी न विचारण्याच्याच असतात.

बोर्डावर ते छोटे डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यातले चार वरून फुगले होते. एकातून तर तपकिरी चीक बाहेर आला होता. असा बोर्ड गरम झाला की अडकणारच.

"हे फुगलेत ना?" अस्मिता माझ्या शेजारी वाकली होती. तिनं बोट न लावता दाखवलं. "हे चार. बाकीचे वरून सपाट आहेत."

"असतात तसे," मी म्हणालो आणि पटकन झाकण लावलं.

मोबाईल घेऊन मी अंगणात आलो आणि शेठला फोन लावला. सुहासशेठ आमचे मालक. माणूस गोड बोलणारा, पण आतून पक्का बेरकी.

"शेठ, हणमंत आण्णांच्यात तो धुतलेला बोर्ड बसवलाय. गेलाय तो. नवा टाकावा लागतोय."

"नवा कुठनं आणू? आणि काय सांगणार त्यांना, जुना बसवला होता म्हणून? गावभर करतील." त्यांनी जरा आवाज उतरवला. "नंदू, तू काय आज आलास व्हय धंद्यात? व्हायरस सांग आणि ये. फॉरमॅट मार. स्लिपवर आपलं नेहमीचं लिही. आण्णा आठ दिवसांनी सेलमला जातील, मग आपण गुपचूप बोर्ड बदलू."

नेहमीचं म्हणजे, 'व्हायरस, इंटरनेटचा गैरवापर'. आमच्या दुकानाचं ते ठरलेलं वाक्य होतं. एकदा ते लिहिलं की वॉरंटीचा विषय संपतो. बँकेच्या मॅनेजरच्या घरी मी ते लिहिलं होतं, भटजींच्या घरी लिहिलं होतं, आमच्या शाळेच्या हेडसरांच्या घरीसुद्धा लिहिलं होतं. लोक "असं का" म्हणायचे, चहा द्यायचे आणि सोडून द्यायचे. माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. नोकरी सोडून जायचं कुठं? हे मी आज सांगतोय. तेव्हा एवढाही विचार केला नव्हता. सवयीनं आत गेलो आणि सवयीनं बोललो.

"व्हायरस आहे आण्णा. वस्तू चांगली आहे."

"म्हंजे काय?"

"इंटरनेटवरनं येतो. आत शिरला की मशीन अडकतं."

"आपोआप येतो?"

"आपोआप नाही. कुणीतरी काहीतरी उघडल्याशिवाय नाही येत."

"काहीतरी म्हंजे?"

इथं माझी जीभ आवरायला हवी होती. पण दुकानात उभं राहून शंभरदा म्हटलेलं होतं ना. "आता काय सांगायचं आण्णा, नवीन पोरं. चॅटिंग-बिटिंग, फोटो असतात, तसलं काहीतरी."

काकी दारात होत्या त्या आत सरकल्या. अस्मिता माझ्याकडं बघत होती. रडली नाही, चिडली नाही, नुसतं बघत होती.

"मी कॉलेजांची यादी बघितली होती," ती म्हणाली. "दोनदा. बाकी काही नाही. आणि वायर काढल्यावर पण थांबतोय, वहीत आहे. मग व्हायरस कसा, दादा?"

"असतात असे पण. एकदा शिरला की वायर काढून काय उपयोग?"

"पण ते फुगलेले..."

"तू गप," आण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. "तुला बोलायला सांगितलंय का? कारागीर बोलतोय."

मी झाकण परत काढलं, टेबलफॅन आतल्या बाजूला वळवून ठेवला आणि फॉरमॅट मारला. आता वारा लागल्यावर बोर्ड थंड राहणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. तास-दीड तास मशीन लोण्यासारखं चाललं. आण्णा खुर्ची ओढून समोर बसले आणि घड्याळ बघत राहिले.

"चाललं की," ते म्हणाले. "म्हंजे तुमी म्हणताय तेच. आतलं सगळं काढलं आन चाललं."

"हो," मी म्हणालो.

"लिहून द्या."

मी स्लिप लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. आण्णांनी ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि छातीच्या खिशात ठेवली.

"आमच्या धंद्यात, मिस्त्री, सोनं दिसाय सगळं सारखंच दिसतं," ते म्हणाले. "पिवळं पिवळं. खरं किती आन खोट किती, ते टंच काढणारा सांगतो. तो माणूस चिठ्ठीवर जो आकडा लिहील तो शेवटचा. तिथं बाप म्हणत न्हाय का माझं सोनं चांगलं हाय. चिठ्ठी आली, विषय संपला."

मी मान हलवली. ते सोन्याचं बोलतायत असंच मला वाटलं. खोटं कशाला बोलू? नाही, मला कळलं होतं. कळून मी पिशवी उचलली आणि निघालो. फाटकापाशी अस्मिता आली, हातात पाण्याचा तांब्या, झाडाला घालायचं निमित्त करून.

"दादा, तुम्ही आत खोलून बघितलंत. तुम्हाला दिसलंय."

"अगं, आठ दिवसांत सगळं नीट होईल. काळजी करू नको."

"आठ दिवसांत?" ती म्हणाली. "माझा गुरुवार आहे."

मी सायकलला टांग मारली.

बुधवारी संध्याकाळी बायको दळण घेऊन आली आणि डबा खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "ऐकलं का, हणमंत आण्णांची पोरगी सांगलीला जात नाही म्हणे. त्या कॉम्प्युटरवर काहीतरी घाण बघत होती. कुणाला तरी चिठ्ठ्या पण लिहायची म्हणे त्याच्यावर. मिस्त्रीनं पकडलं."

"कुठल्या मिस्त्रीनं?"

"आता ते मला काय माहीत? तुम्हीच गेला होता ना सोमवारी?"

हातातला घास हातातच राहिला. चार शब्द लिहिले होते, त्याचे गिरणीच्या रांगेत चाळीस झाले होते. आपल्याकडं वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे आयुष्यभर ऐकलं होतं, पण इथं वांगं पोरीच्या जन्माचं होतं, आणि तेल ओतणारा मी. रात्र कशीबशी काढली. बायकोला काही बोललो नाही. तिला ते दिवस जपायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी सातला त्यांच्या दारात उभा राहिलो. सांगलीची गाडी साडेआठला होती. अजून वेळ होता. आण्णा ओट्यावर दात घासत होते.

"आण्णा, माझं चुकलं," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "व्हायरस-बियरस काही नव्हता. आतला बोर्ड खराब आहे. जुना बोर्ड बसवलाय दुकानानं. मीच धुतला होता तो. तुमच्या पोरीची काही चूक नाही. ती जे सांगत होती तेच खरं होतं."

त्यांनी सावकाश चूळ भरली, तोंड पुसलं, मग माझ्याकडं बघितलं.

"सोमवारी एक आन गुरुवारी एक?"

"सोमवारी मी शेठच्या सांगण्यावरनं..."

"थांब." आता अहोचं अरे झालं होतं. "टंच दोनदा निघत न्हाय. दुसऱ्यांदा आकडा बदलला, की वळखायचं, मधे कुणीतरी गाठलंय माणसाला. कुणी गाठलं तुला? तिनं पाठवलं?"

"नाही आण्णा! आईशप्पथ."

"फाटकापाशी बोलत हुता तुमी दोघं. बघितलंय मी. काय बोलणं चाललं हुतं? आन नेमका आजच बरा आलास, गाडीच्या वक्ताला?"

पोरीला आगीतून काढायला गेलो आणि फुफाट्यात लोटलं. आता काहीही बोललो असतो तरी ते तिच्याच अंगावर येणार होतं. गप्प राहिलो असतो तरी येणार होतं. आण्णा उठून उभे राहिले. दांडगा माणूस, भट्टीपाशी उभं राहून हात काळे आणि जाड झालेले. शेजारचा कुणीतरी कुंपणावरून डोकावला.

"बोल की! तुझं आन तिचं काय हाय?"

"आण्णा."

अस्मिता दारात उभी होती. केस विंचरलेले, चांगला पंजाबी ड्रेस. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतून कागदांची फाईल वर आलेली. म्हणजे तिनं तयारी करून ठेवली होती. हो म्हणाले तर लगेच निघता यावं म्हणून.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कुंपणावरच्या त्या माणसाकडं बघितलं, मग वडिलांकडं.

"आण्णा, ह्यांचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "मीच उघडलं होतं. नको ते. ह्यांना माझी दया आली असेल म्हणून आता असं सांगतायत. ह्यांनी सोमवारी सांगितलं तेच खरं आहे."

"नाही!" मी म्हणालो. "अगं, असं काय बोलतेस?"

"दादा, तुम्ही जा आता घरी," ती म्हणाली. "वहिनी वाट बघत असतील."

तिला माझ्या बायकोचं माहीत होतं. गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. दादा आणि वहिनी हे दोन शब्द तिनं जरा मोठ्यानं, शेजारच्याला ऐकू जातील असे म्हटले. एवढ्या क्षणात तिनं सगळा हिशेब लावला होता. कॉलेज तर गेलंच, निदान नाव तरी राहू दे. तिचं, आणि सोबत माझंही. मी तिशीच्या घरातला बाप्या, आणि ती अठरा वर्षांची मला वाचवत होती.

आण्णा खाली बसले. मग त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"पोरीची दया आली व्हय तुला?" ते म्हणाले. "माणूस चांगला हायेस. पर दयेपायी खोटं बोलू नये रे. आमी सोसतो खरं काय ते." आत वळून म्हणाले, "शालन, च्या टाक ह्याला."

आत कुणीतरी तोंडात पदर कोंबून रडत होतं. मी अजून एकदा म्हणालो, "आण्णा, खरंच बोर्ड खराब आहे, चला दाखवतो." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाले, "पुरं आता." मी म्हणायचं थांबलो. कपाटातून हातोडा आणून तो डबा त्यांच्यापुढं फोडायला हवा होता, त्यांना ओढत दुकानात न्यायला हवं होतं, शेठची गचांडी धरायला हवी होती. काहीतरी करायला हवं होतं. मी चहा प्यायलो. साडेआठची गाडी गेली तेव्हा मी तिथंच बसलो होतो, आणि अस्मिता पिशवीतले कागद काढून परत आत ठेवायला गेली.

आण्णा त्या महिन्यात सेलमला गेलेच नाहीत. एकापाठोपाठ एक पाहुणे येत राहिले. मी शेठची नोकरी दिवाळीपर्यंत केली. मधे आमची मुलगी झाली. मग मी नोकरी सोडली, पण त्यात मोठेपणा काही नव्हता, कराडला जास्त पगाराची मिळाली होती.

तुळशीचं लग्न उरकल्यावर पहिल्याच आठवड्यात अस्मिताचं लग्न निघालं. मुलगा गलाईवाल्यांतलाच, तिकडं पार मदुराईकडं. आण्णा स्वतः पत्रिका घेऊन आमच्या घरी आले. "न येऊन चालायचं न्हाय," म्हणाले. बायको म्हणाली, "एवढा मोठा माणूस दारात आलाय, जायला पाहिजे." मी गेलो.

मांडवात अक्षता पडल्या, आणि मग मानपानाला सुरुवात झाली. आमच्याकडं लग्नात मानकऱ्यांना टोपी, टॉवेल आणि नारळ देतात. माइकवर एकेकाचं नाव पुकारतात, तो माणूस पुढं जातो. मामा झाले, सरपंच झाले, सेलमचे दोन व्यापारी झाले. आणि मग माइकवर माझं नाव आलं. नंदकुमार लोहार.

मला वाटलं दुसरा कुणी असेल. पण आण्णा हात करून बोलावत होते. मी उठलो. एवढ्या माणसांतून चालत गेलो. नवरानवरी शेजारीच बसली होती, तिच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, त्यामुळं ती कुठं बघत होती ते मला दिसलं नाही.

"हा आमचा मिस्त्री," आण्णा व्याह्यांना म्हणाले. "भल्याभल्यांना जमत न्हाय ते ह्यानं केलं. मला तोंडावर खरं सांगितलं. लेकीच्या बापाला खरं सांगणारा माणूस मिळत न्हाय हो आजकाल."

व्याह्यांनी हात जोडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आण्णांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला आणि टोपी उचलली.

मला बोलता आलं असतं. माइक हातभर अंतरावर होता. तेवढ्यात नवरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि माझ्याकडं बघून अगदी थोडी, कुणाला कळणार नाही एवढी, नकाराची मान हलवली.

मी डोकं पुढं केलं, आणि आण्णांनी टोपी घातली.